दोन उन्हाळ्यांपुरती गाडी

आमच्या घरी नुसतं ‘गाडी’ म्हटलं की बर्फाच्या कारखान्याचा ट्रक समजायचा. मोटारसायकल ती मोटारसायकल, एसटी ती एसटी, गाडी एकच. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, धंदा सुरू केला तेव्हा तिच्या दारावर पिवळ्या रंगात कंपनीचं नाव घालून घेतलं होतं. मला आठवतं तेव्हापासून नावाचा पुढचा निम्मा भाग गंजानं खाल्लेला होता आणि ‘बंधू कंपनी’ एवढंच वाचता यायचं. बंधू म्हणजे अप्पा आणि त्यांचे धाकटे भाऊ बसवराज. माझी आई सीमेपलीकडच्या कानडी मुलखातली. तिला आम्ही अव्वा म्हणत असू, आणि तिच्यामुळंच चुलत्याला आमच्या घरात काका कुणी म्हणालं नाही, ते चिकप्पा. दोन्ही भावांची चूल एक, कारखाना एक आणि गाडी एक. त्या गाडीवरून घरात कुरबुर सुरू झाली त्या वर्षी मी कॉलेजात होते. माझं मत कुणी विचारलं नव्हतं, पण मला मत होतं. गाडी मोडीत काढावी आणि नवी घ्यावी. शब्बीरमामा कधीमधी मला कॉलेजच्या फाटकाशी सोडायचे तेव्हा गाडीखालून पाण्याची धार लागलेली असायची आणि पोरी तोंडाला ओढणी लावून हसायच्या.

बर्फाच्या कामात ट्रक लवकर मरतो. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर पटत नाही, कारण ओझं काही दगडाचं किंवा लोखंडाचं नसतं. पण कारखान्यात मिठाच्या पाण्याची मोठी टाकी असते. तिच्यात गोड्या पाण्यानं भरलेले पत्र्याचे डबे सोडतात आणि यंत्र ते खारं पाणी इतकं गार करतं की डब्यातल्या पाण्याची लादी होते. लादी काढून गाडीत चढवताना खारं पाणी थोडंथोडं बरोबर येतंच. वाटेत बर्फ सुटतो, मीठ-पाणी फळ्यांच्या फटींतून खाली उतरतं, आणि ज्या लोखंडावर अख्खी गाडी उभी असते त्या चासीला खात राहतं. वरून रंग मारला की गाडी बरी दिसते. खाली वाकून बघणारा माणूस एकच होता, शब्बीरमामा. ते गाडी चालवायचे, आणि दर पंधरवड्याला खालून सरपटत बाहेर येऊन कपड्यावरचा गंज झटकत म्हणायचे, “मालक, लई पोकळ झालीय.” अप्पा म्हणायचे, “एवढा सीझन काढू.”

आमचं घर आणि कारखाना यांच्यात एकच भिंत. यंत्राचा पट्टा दिवसरात्र फटक-फटक करत फिरायचा आणि स्वयंपाकघरातल्या मांडणीवरचे पेले त्याच्या तालावर किणकिणायचे. पाहुणे आले की अमोनियाच्या वासानं त्यांचे डोळे पाणावायचे; अव्वा त्यांना पदर पुढं करून म्हणायची, “रडू नका, सवय व्हईल.” उन्हाळा म्हणजे आमची सुगी. लग्नाचे मांडव, रसवंत्या, गोळेवाले, सरबतवाले, आणि माकणीच्या धरणावरचे मासे धरणारे. माकणीची खेप अव्वाला सोसायची नाही. आम्ही गळ्यात लिंग बांधणारे लिंगायत, घरात अंडंसुद्धा येत नसे, आणि गाडी परत यायची ती माशांचा वास घेऊन. अव्वा स्वतः कमरेला पदर खोचून गाडीचा मागचा हौदा चुन्याच्या पाण्यानं धुवून घ्यायची, मगच देवळाच्या जत्रेचा किंवा लग्नाचा बर्फ त्यात चढवू द्यायची. शब्बीरमामा तिला चिडवायचे, “वैनी, मासे मेलेले असतेत, ते काय बर्फाला बाटवतेत?” अव्वा म्हणायची, “ते मला न्हाय ठाऊक. घासा.” आणि ते घासायचे.

अप्पांचं जेवण मला उभ्यानंच आठवतं. ज्वारीची भाकरी तळहातावर, तिच्यात शेंगदाण्याची चटणी दाबलेली, आणि डोळे दाराबाहेर, लादी कुठली उतरते, कुठली चढते त्याच्याकडं. अव्वा येसराच्या पिठाची आमटी वाटीत घालून हातात द्यायची, ती ते एका घोटात प्यायचे. सोमवारी हुग्गी व्हायची, गव्हाची, गूळ आणि खसखस घालून. त्या दिवशी तेवढे बसायचे. तेही पाटावर नाही, उंबऱ्यावर. त्यांची बोटं कायम पांढरी आणि सुरकुतलेली, खूप वेळ पाण्यात राहिलेल्या माणसासारखी. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या वडिलांचे हात असेच गार असतात.

चिकप्पांचं तसं नव्हतं. ते अप्पांपेक्षा बरेच लहान, अंगानं उंच, इस्त्रीचा सदरा घालणारे. हसले की सगळं घर हसायचं. दोन लहान मुलगे होते त्यांना, आणि त्यांच्या बोलण्यात ‘पुढं’ हा शब्द सारखा यायचा. पुढं दुसरा कारखाना टाकू, पुढं लातूरला माल पाठवू. नवी गाडी हा त्यांचा ध्यास होता. एक गाडी नीट झाली की सगळं आपोआप मार्गी लागेल असं ते जेवताना सांगायचे, आणि मी भाकरी मोडत मोडत मनात हो म्हणायचे. अप्पा नाही म्हणत नसत, हो म्हणत नसत. गाडी बंद पडली की फिटर बोलावायचे. पाटे बदलले, रेडिएटर बदललं, हौद्याच्या फळ्या बदलल्या, क्लच दोनदा बदलला. चिकप्पा वैतागून म्हणायचे, “दादा, ह्या दुरुस्तीत एक नवी गाडी आली असती.” अप्पा टॉवेलनं मान पुसायचे आणि कारखान्यात जायचे. ते चिकट आहेत असं मला वाटायचं. घरात सगळ्यांनाच तसं वाटत असावं.

मग चैत्राची येरमाळ्याची जत्रा आली. येडेश्वरीच्या जत्रेत आमचा बर्फ वर्षानुवर्षं जायचा. उन्हाचा तडाखा आणि माणसांचा पूर, त्यामुळं तिथं बर्फाला जेवढी मागणी तेवढी साऱ्या उन्हाळ्यात कुठं नसायची. चिकप्पा मोटारसायकलवरून आधीच पुढं गेले होते, दुकानदारांना बर्फ येतोय असं जागेवर सांगायला. अव्वाला देवीची ओटी भरायची होती म्हणून ती गाडीतून निघाली आणि तिला सोबत म्हणून मी. शब्बीरमामा चालवत होते, अप्पा दाराशी, आणि मधे आम्ही दोघी, पायाखाली इंजिनाची धग आणि पाठीमागून बर्फाचा गारवा. अव्वाच्या मांडीवर ओटीचं ताट आणि धपाट्यांचं फडकं. येडशी गाव मागं पडलं. रस्त्यानं माणसंच माणसं चालली होती, बैलगाड्या, ट्रॅक्टर, हलगीचा आवाज, मधूनच ‘उदो उदो’ची आरोळी. आता तो रस्ता चौपदरी झालाय. मी त्यावरून अलीकडं गाडीनं गेले तर ती जागा ओळखता आली नाही. पुलाच्या अलीकडं का पलीकडं, त्याचासुद्धा अंदाज लागेना.

चढ लागला आणि थोड्याच वेळात मागं काहीतरी तुटल्याचा आवाज झाला. मोठा नव्हे, ओलं लाकूड मोडल्यासारखा. पाठोपाठ रबर जळल्याचा वास आला. शब्बीरमामांनी गाडी कडेला घेतली, खाली उतरून वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. अप्पा उतरले. मी खिडकीतून बघत होते. शब्बीरमामा उठले, हात पुसले आणि म्हणाले, “चासी गेली मालक. हौदा टायरवर बसलाय. आता ही हलत न्हाय.”

अप्पांनी स्वतः वाकून बघितलं. मग मागं जाऊन हौद्यावरची पोती वर करून बघितली. भुशाखाली लाद्या धडधाकट होत्या, पण खाली पाण्याची धार लागली होती आणि डांबरावरून ओहोळ उताराला चालला होता. येरमाळ्याच्या दिशेनं एक टेम्पो निघाला होता. शब्बीरमामांनी त्याला थांबवून सांगितलं, बसवराज बर्फवाले जत्रेत भेटतील, त्यांना म्हणावं गाडी मोडलीय, ट्रॉली घेऊन या. टेम्पो गेला. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. अप्पा रस्त्याच्या कडेला कडुलिंबाखाली गेले, टॉवेल अंथरला आणि त्यावर बसले. मला वाटलं, आता ते डोकं धरतील किंवा शब्बीरमामांवर ओरडतील. ते हळूच कलंडले, हाताची उशी केली आणि झोपले.

मी आधी घाबरलेच. माणसं, बैल, ट्रॅक्टर, हलग्या, आणि त्यात माझा बाप तोंड उघडं टाकून पडलेला. जवळ जाऊन नाकाशी हात धरला. श्वास संथ चालला होता. कपाळावर माशी बसत होती, त्यांना कळत नव्हतं. दिवसाउजेडी अप्पांना झोपलेलं मी जन्मात बघितलं नव्हतं. जागेपणी चेहऱ्यावर जो ताठपणा असायचा तो सुटला होता आणि त्याच्या खालून एक म्हातारा माणूस वर आला होता. ते तेव्हा काही म्हातारे नव्हते. मी आज त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा मोठी आहे. अव्वा माझ्यामागून आली, शेजारी बसली आणि पदरानं वारा घालायला लागली.

तिकडं लोक गाडीभोवती गोळा व्हायला लागले. शब्बीरमामांनी फुटलेल्या लादीचे तुकडे पोरांना दिले. एक म्हातारी अनवाणी चालत आलेली; तिनं तुकडा मागून घेतला, रस्त्याच्या कडेला बसून आधी एका तळपायाला लावला, मग दुसऱ्याला, आणि उरलेला तोंडात टाकून पुढं निघाली. ओहोळ रुंद होत चालला होता. मी मधूनमधून अप्पांकडं बघत होते. उठतील, आता उठतील. ते कूससुद्धा बदलत नव्हते.

चिकप्पा आले ते मोकळी ट्रॅक्टर-ट्रॉली मागं घेऊन. मोटारसायकल नीट उभीही केली नाही. “दादा कुठायत?” अव्वानं बोटानं दाखवलं.

“झोपलेत?” चिकप्पांचा आवाज फाटला. “वैनी, तिकडं मानसं माझ्या नावानं बोंबलालीत, हितं अख्खा माल वाहून चाललाय, आन हे झोपलेत?” आणि ते अप्पांच्या खांद्याला हात घालायला वाकले.

“ब्याड,” अव्वा म्हणाली. कानडीत नको म्हणायचं ते असं. रागात किंवा फार घाईत असली की ती तिच्या भाषेत बोलायची. तिनं चिकप्पांचा हात मनगटाशी धरला होता. दिराला हात लावताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. “उठवायचं न्हाय.”

“अवो पर वैनी—”

“बर्फ उद्या पुन्हा करता येतो, बसवराज. लगीन करून आल्यापासून ह्या मानसाला म्या दुपारी पाठ टेकताना बघितलं न्हाय. तुमी बघितलंय का? सांगा. बघितलं असंल तर उठवा.”

चिकप्पा तसेच वाकलेले राहिले. रस्त्यावरून एक हलगीवाला वाजवत गेला, तो पार लांब जाईपर्यंत ते तसेच होते. मग सरळ झाले, सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि शब्बीरमामांच्या हातातला लाद्या ओढायचा आकडा घेतला. दोघांनी मिळून लाद्या ट्रॉलीत ओढल्या. मी पोती आणि भुसा टाकत होते. अर्धा माल गेला होता, अर्धा वाचला. चिकप्पांचा इस्त्रीचा सदरा ओला होऊन पाठीला चिकटला होता. ट्रॉली निघायची वेळ झाली तरी अप्पा झोपलेलेच होते. अव्वानं ओटीचं ताट माझ्या हातात दिलं, “तू भरून ये, माझ्या नावानं सांग,” आणि ती तिथंच बसून राहिली. मी ट्रॉलीत बर्फावर बसून जत्रेला गेले.

गाडी दुसऱ्या दिवशी ओढून आणली आणि कारखान्यासमोर उभी राहिली. आता निर्णय पुढं ढकलायला जागा नव्हती. चिकप्पा सोलापूरला जाऊन नव्या गाडीची चौकशी करून आले. शब्बीरमामांनी वेल्डरला आणून गाडी दाखवली. आणि एका सकाळी सगळे अंगणात बसले: अप्पा उंबऱ्यावर, चिकप्पा खाटेवर, शब्बीरमामा पायरीवर, आणि आम्ही बायका दारात. अव्वानं सगळ्यांना चहा दिला. चिकप्पा उत्साहानं सांगत होते. जत्रेच्या दिवसापासून ते अप्पांशी जपून बोलत होते, पण नव्या गाडीचा विषय निघाला की त्यांना राहवत नसे. हौद्याला आतून पत्रा मारून घेऊ, म्हणजे मिठाचं पाणी खाली उतरणार नाही. माशांची खेप वेगळी, जत्रेची वेगळी.

अप्पांनी सगळं ऐकलं. बशीतला चहा संपवला. “नवी घेतली तर किती वर्सं चालंल?”

अप्पांनी आपणहून विचारलं म्हणून चिकप्पांचा चेहरा उजळला. “दादा, पंधरा वर्सं बघायचं काम न्हाय. माझी पोरं चालवतेत की नंतर.”

“आन ही जोडून घेतली तर?”

शब्बीरमामांनी चिकप्पांकडं एकदा बघितलं आणि मग अप्पांकडं. “खालून पट्ट्या मारल्या, माल कमी घातला, तर दोन उन्हाळे जातेत मालक. त्याच्या पुढं म्या जबान देत न्हाय.”

अप्पांनी बशी खाली ठेवली. भिंतीपलीकडं पट्टा फिरत होता. “मग दोन उन्हाळे बास,” ते म्हणाले.

“म्हंजे?”

“जोडून घे. दोन उन्हाळे चालवू. मग बंद करू.”

“गाडी?”

“सगळंच.” अप्पा चिकप्पांकडं बघत नव्हते, हाताकडं बघत होते. “बसू, आता घरोघर फ्रीज आलेत. माकणीवाले सोलापुरातनं माल आणायलेत. आन तसं नसतं तरी हेच. नवी गाडी दारात आली की तिला वढायला मानूस लागतं. पंधरा वर्सं. तूच म्हनलास. मला व्हईना गं बाई आता,” हे शेवटचं ते अव्वाकडं वळून म्हणाले, जणू भावाला सांगणं फार जड होतं.

इतकी वर्षं ते गाडी दुरुस्त करत राहिले ते चिकटपणानं नव्हे, हे मला त्या सकाळी कळलं. नवी गाडी म्हणजे आणखी पंधरा वर्षं, आणि तेवढी त्यांच्या अंगात उरली नव्हती. जुनी रखडत होती तोवर निदान कधीतरी थांबता येईल एवढी आशा होती. थकलोय हे सांगायची रीतच आमच्या घरात नव्हती. मागच्या वर्षी मी शाळेतून निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी सगळे विचारत होते, आता करमणार कसं. मी हसून काहीतरी बोलले, पण आत फक्त एवढंच होतं की उद्या सकाळी उठायचं नाही. ते मीसुद्धा कुणाला सांगितलं नाही.

चिकप्पा उठून बाहेर गेले. चार दिवस ते जेवायला सगळ्यांच्या नंतर यायचे. मला वाटलं, आता वाटण्या होणार, चूल दोन होणार. पाचव्या दिवशी मी नळावर कपडे धूत होते तेव्हा ते येऊन जवळच्या दगडावर बसले. “नंदा, दादा खरंच एवढे दमलेत का गं?”

“व्हय, चिकप्पा.”

“मला कधी बोलले न्हायत.” ते नळाच्या पाण्याकडं बघत होते. “मला वाटायचं माझ्यावर इश्वास न्हाय. बसूच्या हातात नवी गाडी दिली तर बुडवंल म्हणून टाळतेत. म्या तसंच धरून चाललो होतो.”

 मी साबण लावत राहिले. ते म्हणाले, “माकणीची खेप आता म्या करतो. दादांना सांग, दुपारचं घरी ऱ्हावा म्हणावं.”

“तुमीच सांगा की.”

“म्या सांगितलं तर ऐकायचे न्हायत. अव्वाला सांग.”

गाडीला खालून पट्ट्या मारल्या. वेल्डरच्या ठिणग्या बघायला गल्लीतली पोरं जमली होती. गाडी पूर्वीसारखीच गळत, कण्हत चालायला लागली, आणि दोन उन्हाळे म्हणता म्हणता तिसराही अर्धा निघाला. त्या काळात अप्पा दुपारी घरी यायला लागले. आधी नुसते बसायचे. काय करावं ते त्यांना उमगत नसे. मग शेंगा फोडायला लागले. कारखाना बंद झाला तेव्हा घरात कुणी रडलं नाही. गाडी भंगारवाल्यानं ओढून नेली. शब्बीरमामांनी तेवढा स्टेअरिंगवरचा हिरवा कपडा सोडून घेतला.

चिकप्पांनी पुढं थंड पाण्याच्या जारचा धंदा काढला आणि त्यासाठी नवी गाडी घेतली, लहान, पांढरी. स्वतःच्या नावावर. पूजेला अप्पांच्या हातून नारळ फोडून घेतला. शब्बीरमामा हार घालत होते. चिकप्पांनी पलीकडचं दार उघडून धरलं. “दादा, बसा की. येरमाळ्याला जाऊन येऊ. देवीच्या पाया पडू आन दुपारच्या आत माघारी.”

अप्पांनी गाडीच्या पुढच्या पत्र्यावरून हात फिरवला. आत वाकून बघितलं. “ब्येस हाय,” ते म्हणाले. “तू जाऊन ये. मी हितंच हाय.”

चिकप्पा क्षणभर दार धरून उभे राहिले. मग त्यांनी ते हलकेच लावलं आणि गेले. अप्पा उंबऱ्यावर येऊन बसले. त्यानंतर मी माहेरी कधीही गेले, सांगून गेले किंवा न सांगता, तरी ते घरीच असायचे.